दिवा लागला होता : ऑर्लँडो फ्रीफॉलच्या पहिल्या सीटचं प्रकरण

गेल्या वर्षी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मामा, मित्रांबरोबर ऑर्लँडोला चाललोय. राइड्समध्ये मला बसू देतील ना?" वय सोळा, उंची सहा फूट तीन इंच, वजन ११८ किलो. बांधा आमच्या घराण्याचाच. मी उंचीला त्याच्यापेक्षा इंचभर कमी आणि वजनाला दहा किलो जास्त. हा प्रश्न त्याने आईला विचारला नव्हता, वडिलांनाही नाही. मला विचारला, कारण त्याच्या डोळ्यांदेखत मला एकदा राइडवरून उतरवलं होतं.

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दिवाळीत भारतात आला होता आणि आम्ही सगळे मिळून एका पार्कात गेलो होतो. पाऊण तास रांगेत काढून सीटवर बसलो, वरचं हार्नेस, म्हणजे माणसाला सीटमध्ये धरून ठेवणारी दांडी, खाली ओढलं आणि ते पोटावर येऊन अडलं. कामावरची दोन पोरं आली, दोघांनी मिळून भार टाकला. "सर, श्वास सोडा." पुन्हा. तिसऱ्यांदा. मग एकाने केबिनकडे बघून हात आडवा हलवला. माझ्यासाठी सगळी गाडी थांबून होती. मी उठलो, पलीकडच्या जिन्याने खाली आलो. भाचा शेजारच्या सीटवरून मान वळवून बघत होता. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. मला त्या दोन पोरांचा राग आला होता आणि तो बरीच वर्षं टिकला. ऑर्लँडोचं हे प्रकरण मुळापासून वाचलं तेव्हा तो गेला.

त्याला फोनवर "देतील की" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तसं न करता मी त्याला हीच हकिकत सांगितली. इथे ती जरा सविस्तर मांडतो आहे.

ती रात्र

२४ मार्च २०२२, गुरुवार, रात्री अकराच्या सुमारास. फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडोच्या इंटरनॅशनल ड्राइव्हवर आयकॉन पार्क नावाचा दुकानं, खाणावळी आणि सुट्या राइड्सचा परिसर आहे. डिस्ने किंवा युनिव्हर्सलसारखं एका कुंपणातलं, एका मालकाचं थीम पार्क ते नव्हे. जागा एकाची, राइड चालवणारा दुसरा, बनवणारा तिसरा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे 'ऑर्लँडो फ्रीफॉल' सुरू झाली होती : ४३० फुटी मनोरा आणि त्याला वेढणारं तीस सीटचं कडं. कडं वर जातं, टोकाला पोचलं की बसलेल्यांची तोंडं जमिनीकडे होतील असं पुढे झुकतं आणि मग सुटतं. वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात जातो. तळाजवळ चुंबकीय ब्रेक लागतात.

त्या रात्री पहिल्या सीटवर चौदा वर्षांचा एक मुलगा बसला होता. मिसुरी राज्यातला, अमेरिकन फुटबॉल खेळणारा, मित्राच्या कुटुंबाबरोबर वसंताच्या सुट्टीला आलेला. उंची सहा फुटांच्या वर. शवविच्छेदनाच्या अहवालात वजन ३८३ पौंड आहे, म्हणजे १७३ किलोंहून थोडं अधिक. उत्पादकाच्या मॅन्युअलमधली मर्यादा होती १३० किलो.

कडं खाली आलं, ब्रेक लागले, वेग एकदम मंदावला आणि तो सीट आणि हार्नेस यांच्यामधल्या फटीतून निसटून खाली पडला. राइड थांबली तेव्हा त्याचं हार्नेस खालीच होतं, लॉकही तसंच होतं. काहीही तुटलेलं नव्हतं.

नंतर सगळीकडे फिरलेल्या व्हिडिओत राइड चालवणाऱ्यांमधला एकजण दुसऱ्याला विचारतो की त्याला नीट तपासलं होतं का. उत्तर येतं की दिवा लागला होता.

त्याच्या वडिलांनी माध्यमांना आणखी एक गोष्ट सांगितली. त्या संध्याकाळी दुसऱ्या राइड्सनी त्याला बसू दिलं नव्हतं, या एकीनेच 'ये' म्हटलं. चौदा वर्षांचं पोर, अंगाने मित्रांपेक्षा दुप्पट, मित्र हसत-ओरडत उतरताहेत आणि आपण खाली उभे. मग कुणीतरी 'ये' म्हणतं. त्या एका शब्दाने त्याला किती बरं वाटलं असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दिवा कशाला लागतो

मी चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाची, देखभाल बघतो, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

हार्नेस म्हणजे एक बिजागरीवरचा हात. तो खाली आला की आत दात्यांचं किंवा हायड्रॉलिकचं लॉक पकडतं आणि वर जाऊ देत नाही. पण लॉक लागणं आणि माणूस सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच दात्यावर लॉक पकडलं तरी ते लॉकच, आणि तेव्हा हार्नेस बऱ्यापैकी उघडं असतं. म्हणून दुसरी सोय असते : हार्नेस ठरलेल्या जागेपर्यंत खाली आलं की प्रॉक्सिमिटी सेन्सरला त्याची चाहूल लागते. आमच्याकडे त्याला नुसतं प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सीने होकार दिला की दिवा लागतो. सगळे दिवे लागले की राइड सुटते.

या सेन्सरला वजन कळत नाही, पोट कळत नाही, मांडीची जाडी कळत नाही. धातूचा तुकडा माझ्यासमोर आला का, एवढंच तो बघतो. तो किती अंतरावर बसवायचा हे उत्पादक ठरवतो आणि सगळी अक्कल त्या अंतरात असते.

फ्लोरिडात राइड्सची तपासणी राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. (हजाराहून अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेली मोठी पार्कं मात्र स्वतःच्या राइड्स स्वतः तपासतात. फ्रीफॉल त्या सवलतीत बसत नव्हती.) खात्याने नेमलेल्या अभियंत्यांचा अहवाल १८ एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाला. पहिल्या आणि दुसऱ्या सीटचे सेन्सर मूळ मांडणीनंतर हाताने सरकवलेले आढळले. इतर सीटवर दिवा लागतो तेव्हा हार्नेस आणि सीट यांच्यात साधारण तीन इंचांची फट उरते. पहिल्या सीटवर सात इंचांच्या आसपास फट असतानाही दिवा लागत होता. असं सरकवण्याचा उपयोग एकच : ज्याच्या अंगावर हार्नेस पुरतं बसत नाही, त्याच्यासाठीही राइड सुटावी.

हे वाचताना मला आमचं शॉप आठवलं. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात, म्हणजे यंत्राचा घाव खाली येताना दोन्ही हात साच्याच्या बाहेर राहतात. मी शिकाऊ होतो तेव्हा एका बटणात पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवलेली मी पाहिली आहे. यंत्राच्या संरक्षक दरवाजावरचा, म्हणजे गार्डवरचा, लिमिट स्विच (दरवाजा लागला की दाबला जाणारा खटका) टेपने दाबून ठेवलेलाही पाहिला आहे. करणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला शिफ्टचा आकडा गाठायचा असतो, गार्ड सारखं कुरकुरत असतं, काल काही झालं नाही म्हणून आजही होणार नाही असं त्याला वाटतं. मग शिफ्ट बदलते. नव्या माणसाला फक्त दिवा दिसतो, बायपास दिसत नाही. त्या रात्री फ्रीफॉलवर काम करणाऱ्यांना आपल्यासमोरचा दिवा काय मोजतो आहे हे कळायला मार्ग होता असं मला वाटत नाही.

आता फट आणि ब्रेक यांचा संबंध. सुटून खाली येताना शरीराला वजन जाणवत नाही, पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. ब्रेक लागताना उलटं होतं. तिप्पट वजनाचा जोर पडला असं नुसतं समजू, म्हणजे १७३ किलोंचा देह त्या क्षणी पाचशे किलोंहून जास्त भाराने सीटवर दाबला जातो. सीट पुरेशी खोल आणि हार्नेस पुरेसं खाली असेल तर तो भार सीटच पेलते आणि माणूस आत दाबला जातो. पण पुढची बाजू उघडी असेल तर एवढा भार तिकडेच वाट काढतो. मऊ अंग फटीच्या आकारात बसतं, हाड अडवत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी फट मोठी केली, ती मोठी फट त्यालाच सगळ्यात जास्त धोक्याची.

मॅन्युअलमध्ये १३० किलोंच्या मर्यादेशिवाय एक साधी सूचनाही होती : मोठ्या देहाचा पाहुणा सीटच्या आकारात बसतो का आणि हार्नेस त्याच्यावर नीट येतं का ते बघा, येत नसेल तर त्याला बसू देऊ नका. यंत्र बनवणाऱ्याला सेन्सरवर सगळं सोडायचं नव्हतं, त्याने माणसाच्या डोळ्यांनाही काम दिलं होतं.

पण त्याने पट्टा दिला नव्हता. खोपोलीला इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरवर बसलेल्यांना आठवत असेल, हार्नेस खाली आल्यावर ते सीटला जोडणारा एक छोटा पट्टाही लावतात. लोकांना तो जादा खबरदारीसाठी वाटतो. त्याचं दुसरं काम माझ्या मते जास्त मोलाचं आहे : त्या पट्ट्याची लांबी ठरलेली असते. हार्नेस पुरेसं खाली आलं नसेल तर बक्कल पोचतच नाही. म्हणजे ती एक मोजपट्टी आहे, आणि पट्टा लागला की नाही हे बसणाऱ्याला, शेजाऱ्याला आणि प्लॅटफॉर्मवरच्या पोराला, तिघांनाही उघड्या डोळ्यांनी दिसतं. फ्रीफॉलच्या तीस सीटना असे पट्टे लावायला प्रत्येकी २२ डॉलर, एकूण ६६० डॉलर लागले असते, असं कुटुंबाने केलेल्या दाव्यात म्हटलं आहे. हा आकडा मी भाच्याला सांगितला तेव्हा तो पलीकडे बराच वेळ गप्प होता.

त्याच शहरातली दुसरी सीट

मोठ्या देहाच्या माणसाला जागा करून द्यायची दुसरी रीतही आहे, आणि तीही ऑर्लँडोतच बघायला मिळते. जून २०१० मध्ये युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये हॅरी पॉटरचा विभाग उघडला. तिथल्या मुख्य राइडला चार-चार जणांचे बाक रोबोच्या हातावर बसवलेले आहेत. सुरुवातीलाच छातीपोटाने भरलेल्या अनेकांना परत फिरावं लागलं. लोक लांबून, वर्षभर पैसे साठवून आलेले. तक्रारी झाल्या. पार्कने रांगेच्या तोंडाशी चाचणीची सीट ठेवली आणि त्याच वर्षी बाकांवरच्या काही सीटमध्ये बदल करून मोठ्या अंगाच्या लोकांची सोय केली. म्हणजे सीट बदलली, मोजणी ढिली केली नाही. तरीही काहीजण बसत नाहीतच, पण ते त्यांना तास-दीड तास उभं राहण्याआधी कळतं आणि शंभर डोळ्यांसमोर कळत नाही.

माझ्यासोबत जे झालं त्यात चूक काय होती हे मला इथे उमगलं. त्या पोरांनी मला उतरवलं हे बरोबरच होतं. तीनदा भार टाकून बघितला हे मात्र चूक, कारण ढकलून बसवलेल्या हार्नेसखाली माणूस बसलेला नसतो, कोंबलेला असतो. आणि आधी कुठेच सीट ठेवलेली नव्हती, बोर्डावर 'विशिष्ट शरीरयष्टीच्या पाहुण्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो' एवढीच मोघम ओळ होती. विशिष्ट म्हणजे किती? छाती, कंबर, मांडी यांची मापं शिंप्याला कळतात, पार्कालाही लिहिता येतील. प्लॅटफॉर्मवर 'नाही' म्हणण्याची वेळ जितक्या कमी वेळा येईल, तितका तिथल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरावरचा 'हो' म्हणण्याचा दाबही कमी होईल. समोर अवघडलेला माणूस, मागे खोळंबलेली रांग, केबिनमधून घाई करणारा सुपरवायझर. अशा वेळी हो म्हणणं माणुसकीचं वाटतं. सेन्सर सरकवण्याची गरजही याच दाबातून निर्माण होते, असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं थोडक्यात. फ्रीफॉल त्या रात्रीनंतर पुन्हा चालली नाही. ती चालवणाऱ्या कंपनीने राज्याला अडीच लाख डॉलर दंड भरला. मार्च २०२३ मध्ये मनोरा उतरवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी फ्लोरिडात त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि शंभर फुटांहून उंच अशा काही राइड्सना हार्नेसच्या जोडीला पट्टा बंधनकारक झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीने राइड बनवणाऱ्या ऑस्ट्रियातल्या फनटाइम कंपनीविरुद्ध आईवडिलांना मिळून ३१ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. कंपनीच्या वतीने खटल्याला कुणी हजरही राहिलं नाही.

भाच्याला काय सांगितलं

उंच माणसाची अडचण आणि जाड माणसाची अडचण वेगळी असते, हे आधी सांगितलं. खांद्यावरून येणारं हार्नेस उंच माणसाच्या खांद्यावरच टेकतं आणि खाली मांडीपर्यंत पोचायच्या आत थांबतं. पोट सपाट असूनही दिवा लागत नाही तो अशाने. मांडीचं हाड लांब असेल तर गुडघे पुढच्या सीटला भिडतात. काही राइड्सना उंचीची वरची मर्यादाही असते. बोगद्याच्या कमानी आणि लोखंडी खांब बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून, वर केलेल्या हातांपासून किती लांब हवेत, यावरून ती ठरते. ती मर्यादा ओलांडून बसणं म्हणजे हार्नेस नीट लागूनही धोका. आपल्या घराण्यात दोन्ही गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्हीकडे लक्ष ठेव, म्हटलं.

प्रत्येक राइडबाहेर आधी चाचणीची सीट शोध. नसेल तर रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्याला सरळ विचार, मोठ्या लोकांसाठी कुठली रांग, कुठली सीट. बऱ्याच रोलर कोस्टरमध्ये ठरावीक सीटना लांब पट्टे असतात आणि तिथल्या पोरांना ते पाठ असतं. विचारण्यात लाजू नकोस, त्यांना दिवसातून कित्येकदा हा प्रश्न येतो. खिसे रिकामे कर. बसताना कुल्ले पार मागे सरकव, पाठ टेकव, आणि हार्नेस स्वतःच्या हाताने खाली घे. ते अडलं तर पुन्हा एकदा नीट बसून बघ. दोनदा झालं की तूच उठ. कुणी भार टाकायला आला तर नको म्हण.

आणि दिवा लागला तरी फट बघ. मांड्यांच्या मधला सीटचा उंचवटा आणि हार्नेसचं खालचं टोक यांत किती अंतर आहे ते बघ, मग शेजारच्याच्या सीटवर बघ. तुझ्याकडे डोळ्यांना दिसेल इतकं जास्त असेल तर हात वर कर आणि उतर. हा माझा नियम, कुठल्या पुस्तकातला नाही. पण इंजिनीअर म्हणून मी यावर पैज लावीन.

तो म्हणाला, "आणि मित्र?"

मी म्हटलं, मित्रांना आधीच सांगून ठेव. सकाळी, नाश्त्याला, सगळे खुशीत असताना. काही राइड्सना मी खाली थांबणार, बॅगा माझ्याकडे द्या, खालून फोटो मी काढतो. एकदा आधी सांगितलं की ऐनवेळी तोंड पडत नाही. मी त्या दिवशी हे केलं असतं तर नऊ वर्षांच्या मुलाला मान वळवून बघावं लागलं नसतं. हे मी त्याला म्हटलं नाही, पण बहुधा त्याला ते कळलं.

तिसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला. पाच राइड्समध्ये बसला. एका ठिकाणी बाहेरच्या सीटवर बसून पाहिलं, दिवा लागला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दिवा लागला, पण त्याला फट बरी वाटली नाही. त्याने हात वर केला. प्लॅटफॉर्मवरच्या मुलीने हार्नेस उघडून दिलं आणि मागच्या रांगेतली सीट दाखवली. तिथे पट्टा पोचला.